हेडिंग सेन्सर: मॉडेलच्या आधी जागा ठरवा

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेची पंचाईत झाली. १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या आणि ट्रामच्या तारांतून व रुळांतून वाहणारा वीजप्रवाह त्या नोंदी नासवणार, हे उघड होते. म्हणून ही मोजणी १९०४ साली अलिबागला नेण्यात आली. तिथली इमारत लोखंड कटाक्षाने टाळून, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधली गेली आणि त्यानंतर १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. बोटीवर इलेक्ट्रॉनिक हेडिंग सेन्सर, म्हणजे बहुधा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून बोटीचा रोख सांगणारे यंत्र, बसवणाऱ्यापुढे हीच पंचाईत असते. फक्त त्याला आपले अलिबाग दहा-बारा मीटर लांबीच्या बोटीतच शोधायचे असते. माझा अनुभव असा की मालक कंपनी आणि मॉडेल निवडण्यात आठवडे घालवतो, आणि जागा मात्र मेकॅनिक ड्रिल हातात घेऊन उभा राहिल्यावर ठरते. हा क्रम उलटा असायला हवा.

हेडिंग म्हणजे बोटीची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, ज्या बाजूला रोखलेली आहे ती दिशा. जीपीएस दाखवतो ती दिशा बोट प्रत्यक्षात जिकडे सरकते आहे तिची असते, आणि या दोन्ही एकच असतात असा समज बंदरावर सर्रास आढळतो. खाडीच्या मुखाशी ओहोटी जोरात असताना बोट पाच नॉट वेगाने चालली आहे आणि दोन नॉटचा प्रवाह तिला आडवा लागतो आहे असे धरा: नाळेचा रोख आणि सरकण्याची दिशा यांत सुमारे २२ अंशांचा फरक पडतो. बोट जाळे लावून जवळजवळ थांबलेली असेल, तर जीपीएसच्या दिशेला काही अर्थच राहत नाही. पडद्यावरचे बोटीचे चिन्ह उगाच गरगरत राहते. रडारचे चित्र नकाशावर बरोबर बसवायचे असेल, आपोआप सुकाणू धरणाऱ्या ऑटोपायलटने ते नीट धरावे असे वाटत असेल, किंवा समोरून येणाऱ्या जहाजाचा माग रडारवर ठेवायचा असेल, तर नाळेचा रोख स्वतंत्रपणे मोजणारे उपकरण लागतेच. नुसती जीपीएसवर वाट काढणाऱ्या आणि रोज संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या होडीला हा खर्च करण्याची गरज नाही, हेही इथेच सांगितलेले बरे.

बाजारात सध्या तीन जातींचे सेन्सर मिळतात. सर्वांत जुनी जात फ्लक्सगेटची आहे. त्यात मऊ लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या वेटोळ्यांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजले जाते आणि बोट हलली तरी वेटोळी आडवी राहावीत म्हणून ती झुलत्या कड्यांवर टांगलेली असतात. हे उपकरण साधे आणि टिकाऊ आहे, पण बोट झपाट्याने वळली की आकडा मागे रेंगाळतो, आणि लाटांवर ऑटोपायलटचे हेलपाटे सुरू होतात. दुसऱ्या जातीत तिन्ही दिशांना क्षेत्र मोजणारे छोटे चुंबकमापक असतात आणि त्यांच्या जोडीला वळण्याचा वेग मोजणारा गायरो व कलंडणे मोजणारा त्वरणमापक असतो. गायरो क्षणाक्षणाचे वळण पकडतो, चुंबकमापक त्याला हळूहळू उत्तरेकडे आणून ठेवतो, आणि दोघांच्या मेळातून आकडा एकाच वेळी चपळ आणि स्थिर राहतो. तिसरी जात सॅटेलाइट कंपासची. ठरावीक अंतरावरच्या दोन किंवा अधिक जीपीएस अँटेनांपर्यंत एकाच उपग्रहाचा संकेत किती फरकाने पोहोचतो, यावरून ते उपकरण बोटीचा रोख काढते. त्याचा चुंबकत्वाशी संबंध नसतो आणि ते थेट भौगोलिक उत्तर दिशा दाखवते.

लाकडी किंवा फायबरच्या बोटीसाठी दुसऱ्या जातीचा सेन्सर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलादी बोटीसाठी मात्र सॅटेलाइट कंपास घ्यावा. तो काही पटींनी महाग पडतो हे खरे, पण पोलादी कवचात चुंबकीय सेन्सर बसवून मग त्याच्या चुका निस्तरत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे आहे. सॅटेलाइट कंपासलाही आपले हट्ट असतात. त्याला चारी बाजूंनी मोकळे आकाश लागते, उंच जहाजाच्या कुशीत किंवा पुलाखाली गेल्यावर तो काही काळ आंधळा होतो, आणि रडारच्या झोताच्या पातळीत तो बसवून चालत नाही. मासेमारी बोटींच्या केबिनच्या टपावर दिवे, भोंगा, व्हीएचएफ रेडिओची काठी आणि दोरखंड यांची आधीच इतकी दाटी असते की कागदावर सोपा वाटणारा हा पर्याय प्रत्यक्षात कधी कधी सर्वांत कठीण ठरतो.

माहितीपत्रकात अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, पण तो बहुधा स्थिर बोटीसाठीचा असतो. बोट हलत असतानाचा आकडा शोधावा. तो दोन-तीन अंशांच्या आत असला की आपल्या कामाला भागते. रडारसाठी सेन्सरने सेकंदाला दहा वेळा आकडा पाठवला पाहिजे. ही गोष्ट विसरल्यामुळे चांगल्या रडारवर वाकडीतिकडी चित्रे पाहत बसलेले मालक मला माहीत आहेत. सेन्सर एनएमईए २००० या, बोटीवरची उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यावर बोलतो की जुन्या एनएमईए ०१८३ वर, आणि आपला चार्टप्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा) व ऑटोपायलट यांपैकी काय समजतो, हे खरेदीआधी पाहावे. फुरुनो, रेमरीन, गार्मिन, सिमरॅड अशा कोणत्याही नावाचा सेन्सर घेतला तरी ऑटोपायलट त्याच घरातला असेल तर जुळणी सोपी जाते. आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. एनएमईए २००० ची उपकरणे १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी, म्हणजे ९ ते १६ व्होल्टच्या टप्प्यासाठी बनवलेली असतात. बोटीवर २४ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागेल, आणि तो कन्व्हर्टरही सेन्सरपासून दूर ठेवावा लागेल.

आता जागेकडे येऊ. आधी आपल्या किनाऱ्याची एक जमेची बाजू. होकायंत्राला दिशा देतो तो पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग. मुंबई-अलिबागच्या परिसरात तो सुमारे ३८ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आहे, तर लंडनच्या आसपास त्याच्या जेमतेम निम्मा. आपल्याकडे क्षेत्ररेषा क्षितिजाखाली २५ ते २८ अंश झुकलेल्या असतात, तिकडे साठ अंशांच्या बऱ्याच पुढे. याचा व्यवहारातला अर्थ असा की लोखंडाचा तोच तुकडा तिकडच्या बोटीत जितका घोटाळा करेल, त्याच्या साधारण निम्मा आपल्याकडे करेल. कलण्याचा हिशेबही तसाच आहे. उत्तरेकडे रोख असताना सेन्सर दहा अंश कलला आणि ते कलणे कोणी दुरुस्त केले नाही, तर आपल्याकडे चूक पाच अंशांच्या आसपास होईल आणि लंडनजवळ ती वीस अंशांच्या पुढे जाईल. परदेशी पुस्तिकांतले कडक इशारे त्या पाण्यांचा विचार करून लिहिलेले असतात. ते पाळावेतच, पण एखाद्या जागी अंतर थोडे कमी पडते म्हणून हाय खाऊ नये.

चुंबकाचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की त्रास आठपट कमी होतो, म्हणून अडचणीच्या वस्तूपासून सेन्सर अर्धा मीटर सरकवणे हे पुष्कळदा महागड्या मॉडेलपेक्षा जास्त गुणकारी ठरते. एकाच सरळ तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचा परिणाम मात्र केवळ अंतराच्या प्रमाणातच घटतो, आणि म्हणून विजेच्या तारा लोखंडापेक्षा जास्त दगा देतात. दहा अँपिअर प्रवाह वाहणारी एकटी तार अर्ध्या मीटरवरून गेली, तर ती सेन्सरजवळ ४ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करते; आपल्या ३८ पुढे ते सुमारे सहा अंशांची चूक घालायला पुरेसे आहे. जाणारी आणि येणारी अशी तारांची जोडी एकमेकींना पीळ घालून नेली, तर दोन्हींची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. त्यामुळे सेन्सरच्या दोन मीटरच्या टापूतल्या सर्व जड तारा आधी पिळून घ्याव्यात. ज्या बोटीत परत येणारी तार जवळच्या धातूला जोडून सोडून दिली आहे, तिथे पीळ घालायला जोडीच नसते. अशी वायरिंग आधी सुधारावी आणि मगच सेन्सर आणावा.

जागा शोधण्यासाठी हातातले साधे होकायंत्र हे सर्वांत चांगले हत्यार आहे. बोट धक्क्याच्या लोखंडी खांबांपासून दूर, शांत पाण्यात नांगरून ठेवावी. मनात धरलेल्या जागेवर होकायंत्र ठेवून काटा स्थिर होऊ द्यावा आणि आकडा वहीत लिहावा. मग होकायंत्र तसेच ठेवून दुसऱ्या माणसाला एकेक बटण दाबायला सांगावे: दिवे, पंप, काच पुसणारा वायपर, व्हीएचएफवर बोलणे, बर्फाच्या खणावरचा पंप, विंच, इंजिनाचा स्टार्टर. कोणत्याही बटणाने काटा दोन अंशांपेक्षा जास्त हलला तर ती जागा सोडावी किंवा ती तार हलवावी. त्यानंतर होकायंत्र त्याच पातळीवर अर्धा-अर्धा मीटर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवून पाहावे. बोट वळली नसताना आकडा बदलत असेल तर जवळपास लोखंड आहे. नांगरलेली बोट हळूहळू फिरत राहते, म्हणून दर वेळी दूरच्या एखाद्या ठळक खुणेकडे पाहून रोख तोच आहे याची खात्री करावी लागते. हे काम चिकाटीचे आहे आणि त्यात एक सकाळ सहज जाते. फोनमधल्या होकायंत्राने ही पाहणी करू नये, कारण फोनच्या स्पीकरमध्ये आणि पुष्कळदा त्याच्या कव्हरमध्येही चुंबक असतो.

चुंबकीय सेन्सर बोटीच्या मध्याजवळ आणि खालच्या अंगाला असावा, कारण तिथे डोलणे आणि आपटणे कमी असते. डोलकाठीवर किंवा टपावर उंच बसवला तर लोखंडापासून तो सुटतो, पण प्रत्येक लाटेबरोबर जे झोके बसतात त्यांनी त्वरणमापक गोंधळतो आणि बोट कलली आहे असे समजतो. इंजिनापासून किमान दोन मीटर, आणि सुकाणूजवळच्या मुख्य होकायंत्रापासून व स्पीकरपासून किमान एक मीटर अंतर ठेवावे. शिडाच्या नौकांमध्ये पठाण (नौकेच्या तळाचा कणा) बिडाचे आहे की शिशाचे, हे विचारून घ्यावे. शिसे निरुपद्रवी असते, बीड नसते. जुन्या लाकडी बोटींत तळाला वजनासाठी काळा दगड भरलेला असतो आणि त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही, पण सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये चुंबकी खनिज असते. सेन्सर त्याला चिकटून नसावा.

लोखंड नेहमी बोटीचा भाग असतेच असे नाही. एका तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या) फायबरच्या बोटीवर सेन्सर झोपण्याच्या फळीखालच्या कोरड्या खणात बसवला होता आणि समुद्रावर फिरवून तपासला तेव्हा तो उत्तम चालत होता. पंधरा दिवसांनी तांडेलाचा फोन आला, “भाऊ, यंत्र दिवसा बरोबर दाखवते आणि रात्री पंधरा अंश खाते.” मी तारा तपासल्या, दिवे लावून-विझवून पाहिले, पंखा संशयित धरला. शेवटी खणाचे झाकण उघडले तेव्हा सेन्सरला टेकवून ठेवलेला भाकरीचा लोखंडी तवा दिसला. रात्रीची भाकरी झाली की खलाशी तो पुसून तिथे ठेवत असे, कारण बोटीवरची तेवढीच एक जागा कोरडी होती, आणि सकाळी पुन्हा काढत असे. तेव्हापासून सेन्सरचा खण मी एकतर पट्टी मारून बंद करतो, किंवा त्याच्या झाकणावर ‘इथे लोखंड ठेवू नये’ असे रंगवून घेतो.

बसवताना पितळेचे किंवा चुंबक न लागणारे स्टेनलेसचे स्क्रू वापरावेत. स्टेनलेस म्हणून विकलेल्या प्रत्येक स्क्रूला आधी छोटा चुंबक लावून पाहावा आणि मग तो चुंबक खिशात न ठेवता बोटीबाहेर ठेवून द्यावा. सेन्सर हलणाऱ्या फळीवर किंवा झाकणावर नसावा. बोटीच्या आडव्या भिंतीवर किंवा फ्रेमवर पक्का असावा. त्यावरचा बाण नाळेकडे आणि बोटीच्या मध्यरेषेला समांतर धरावा. मध्यरेषेवरच बसवला पाहिजे असे नाही, समांतर असला की झाले. एक-दोन अंशांचा तिरपेपणा पुढे आकड्यात दुरुस्त करता येतो, पण मोठा तिरपेपणा कलण्याच्या हिशेबात घुसतो आणि मग कुठल्याच दुरुस्तीने जात नाही.

एनएमईए २००० च्या जोडणीत एक मुख्य तार असते, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लागतात, आणि प्रत्येक उपकरण टी-जोडाने मुख्य तारेला लागते. टी-जोडापासून उपकरणापर्यंतची तार सहा मीटरपेक्षा लांब नसावी. पुरवठा एकाच जागी, स्वतःच्या फ्यूजमधून द्यावा. सारे जोडल्यावर वीज बंद ठेवून दोन संदेशतारांमधला रोध मीटरने मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास आला तर टोके बरोबर आहेत, १२० आला तर एक रोधक राहिला आहे, आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा लावून ठेवला आहे. हे एका मिनिटाचे काम पुढचे कितीतरी तास वाचवते. जुन्या एनएमईए ०१८३ च्या जोडणीत एका बोलणाऱ्याचे पुष्कळ जण ऐकू शकतात, पण दोन बोलणारे एका तारेवर घालता येत नाहीत. सेकंदाला ४८०० बिटच्या नेहमीच्या वेगात सेकंदाला दहा वेळा हेडिंग पाठवले की त्या तारेवर दुसऱ्या कशाला फारशी जागा उरत नाही, म्हणून सेन्सरला स्वतंत्र पोर्ट द्यावा. तारा कलई केलेल्या तांब्याच्या घ्याव्यात, आणि प्रत्येक जोडाआधी तारेला खाली थोडा झोल द्यावा म्हणजे पावसाचे पाणी जोडात न उतरता झोलावरून गळून जाईल.

त्यानंतर बोट फिरवून सेन्सरला तिच्या लोखंडाची ओळख करून द्यावी लागते. यासाठी भरती-ओहोटीच्या मधला थांबलेल्या पाण्याचा वेळ, वारा पडलेली सकाळ आणि नांगरलेल्या जहाजांपासून दूरची मोकळी जागा निवडावी. मुंबई बंदराच्या नांगरवाड्यात हे काम करू नये. तिथे पोलादाचे डोंगर उभे असतात. नांगर, जाळी, डिझेल, बर्फाच्या पेट्या असे समुद्रावर जाताना असते ते सारे सामान जागच्या जागी असावे आणि नेहमी चालणारी उपकरणे चालू असावीत. मग सेन्सरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हळू, गोल, एकसारखे फेरे घ्यावेत. एका फेऱ्याला दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागता कामा नये. घाईने घेतलेला फेरा यंत्र नाकारते आणि माणसे यंत्राला नावे ठेवतात. शेवटी पडद्यावर सापडलेल्या विचलनाचा, म्हणजे बोटीच्या लोखंडामुळे रोखात पडणाऱ्या फरकाचा, आकडा येतो. तो आठ-दहा अंशांच्या आत असेल तर जागा चांगली. त्याहून मोठा आकडा यंत्र दुरुस्त करून देते खरे, पण मी तो मान्य करत नाही आणि दुसरी जागा शोधतो, कारण मोठी दुरुस्ती म्हणजे जवळपास मोठे लोखंड, आणि ते लोखंड आज आहे तसेच उद्या राहील याची खात्री नसते.

फेऱ्यांनी विचलन जाते, बाणाचा तिरपेपणा जात नाही. त्यासाठी नकाशावर ठळक असलेल्या दोन खुणा एका ओळीत आणाव्यात. अलिबागकडच्या बोटींना खांदेरीचा दीपस्तंभ आणि उंदेरीचा किल्ला ही जोडी सोयीची आहे. मात्र त्या बेटांभोवती खडक आहेत, म्हणून नकाशात पाहून दूर राहूनच हे काम करावे. दोन्ही खुणा एकामागे एक आल्या की नाळ त्यांच्यावर धरावी, आणि नकाशावर मोजलेला कोन व सेन्सरचा आकडा यांतला फरक सेटिंगमध्ये भरावा. उलट दिशेने जाऊनही एकदा पाहावे. नकाशावरचा कोन भौगोलिक उत्तरेचा असतो आणि चुंबकीय सेन्सर चुंबकी उत्तर दाखवतो, हे ध्यानात ठेवावे. मुंबईजवळ या दोन उत्तरांतला फरक एक अंशाहूनही कमी असल्याने कोकणात सारी हयात काढलेल्या तांडेलाला तो कधी जाणवत नाही, आणि चार्टप्लॉटरवर कोणती उत्तर निवडली आहे हेही कोणी पाहत नाही. पण केप टाउनजवळ हाच फरक पश्चिमेकडे सुमारे २५ अंशांचा आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून जी एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचा शेवटचा थांबा केप टाउन होता, तितक्या दूर जाणाऱ्या नौकेत ही सेटिंग चुकलेली असून चालत नाही.

अखेरीस दर ४५ अंशांवर, म्हणजे आठ दिशांना, सेन्सरचा आकडा आणि मुख्य होकायंत्राचा आकडा शेजारी-शेजारी लिहून काढावेत. हा तक्ता प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूजवळ लावावा आणि जुने होकायंत्र कधीही काढून टाकू नये, कारण बॅटरी गेल्यावर तेच उरते. इंजिन बदलले, विंच बदलली, केबिनमध्ये वेल्डिंग झाले किंवा बोटीजवळ वीज पडली, तर फेरे पुन्हा घ्यावेत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि दुरुस्त्या त्याच काळात होतात. सेन्सर बसवायलाही तोच काळ चांगला, पण बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना फेरे घेता येत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरल्यावर, जाळी भरून झाल्यावर आणि पहिल्या फेरीला निघण्याआधी, एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी.